मखमल चढवलेला वूफर

रसलान उस्ता चौतीस वर्षं खुर्चीचे मागचे पाय करत आला. फक्त मागचे. पुढचे पाय करणारा माणूस पलीकडच्या गल्लीत बसतो, पाठ कोरणारा तिसरीकडे, जुळणी करणारा चौथीकडे. मग पॉलिशवाला झहरान, आणि शेवटी मी, बय्यूमी, गादी भरून कापड चढवणारा. आमच्या दुम्यात शहरात एका खुर्चीला सहा बाप असतात. कैरोची नवरी तिच्यावर बसते तेव्हा तिला वाटतं, खुर्ची दुकानातच जन्मली.

माझं दुकान रसलानच्या कारखान्याच्या अगदी समोर. वरच्या मजल्यावर तो राहतो. त्याच्या घरात काय चाललंय ते मला त्याच्या आधी कळतं, असं त्याची बायको इन्शिराह म्हणते. मी हा आरोप कधी नाकारलेला नाही.

मागचा पाय सरळ नसतो. जमिनीपाशी तो मागे झुकतो, मध्ये पोट पुढे काढतो आणि वर जाऊन खुर्चीची पाठ होतो. एवढी वर्षं असलेच पाय केल्यामुळे रसलानचा आणि सरळ रेषेचा फारसा परिचय नाही. त्याच्या घरातली फळी डावीकडे उतरते. विचारलं तर म्हणतो, "फळी बरोबर आहे, घर कललंय."

त्याची दुसरी खोड म्हणजे बोटाच्या पेराने ठोकून बघणं. कलिंगड, दार, लाकडाचा ओंडका, शेजाऱ्याची भिंत. त्याच्या मुलीला, विसामला, बघायला पहिला मुलगा आला तेव्हा रसलानने त्याच्या पाठीवर प्रेमाने दोनदा थाप मारली आणि पाहुणे गेल्यावर निकाल दिला, "पोकळ आहे." ते तिथेच संपलं. मुलगा आता चांगला बंगल्यात राहतो, पण रसलानचं मत बदललेलं नाही. विसामचंही नाही, म्हणून मी जास्त बोलत नाही.

तर मूळ भानगड करवतीपासून सुरू झाली. कारखान्यात एक उभी पट्ट्याची करवत आहे. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हीवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. कारखाना अर्धा रसलानचा आणि अर्धा त्याच्या बहिणीच्या मुलाचा, सिबाईचा. पण करवतीसमोरची जागा रसलानची. तिथे तो उभा राहिला की बीच लाकडाच्या फळीतून पाय असे निघायचे की जणू ते आत आधीपासून होते, यानं फक्त दार उघडलं.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका मंगळवारी त्या पट्ट्याला चीर गेली. चीर गेलेला पट्टा तुटण्याआधी सांगतो. दर फेरीला चिरेची जागा लाकडावरून जाते आणि बारीक टिक् होते. टिक्, टिक्, टिक्. ऐकलं की मशीन बंद करायचं, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्या दिवशी ते सिबाईने अंगणातून ऐकलं. मी माझ्या दुकानात, तोंडात खिळे धरून बसलो होतो, मीही ऐकलं. रसलान मात्र शांतपणे फळी पुढे ढकलत होता. सिबाई धावेपर्यंत पट्टा तुटला, लोखंडी झाकणावर आपटला आणि रसलानच्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवून गेला. हाताला ओरखडासुद्धा नाही.

सिबाईचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "मामा, आजपासून करवतीला हात लावायचा नाही."

"का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

हे त्याने खरंच विचारलं की चेष्टा केली, यावर गल्लीत अजून दोन तट आहेत.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानाला टोप्या लावून शिट्ट्या ऐकवल्या आणि एक कागद दिला. कागदावर रेघ होती. डावीकडून ती बरी चालली होती आणि उजवीकडे जिन्यावरून घसरल्यासारखी खाली. रसलानने तो कागद मला दाखवला, उजवी बाजू अंगठ्याने झाकून.

"बघ. ठीक आहे की."

"अंगठा काढ."

"तिकडे नुसत्या शिट्ट्या आहेत रे. करवत शिट्टी वाजवते का कधी? करवत पोटातून बोलते. आणि पोटातलं मला सगळं ऐकू येतं."

मामा-भाच्याची दोन दिवस बोलचाल नव्हती. तिसऱ्या दिवशी सिबाईनेच तोडगा काढला. तो चार कारखान्यांत जाऊन तिथल्या करवतींचे आवाज फोनवर भरून आणणार. कुणाचं बेअरिंग गेलेलं, कुणाचं आणखी काही. मशीन मुद्दाम बिघडवून तर दाखवता येत नाही. ते आवाज विसाम तिच्या कॉम्प्युटरवर वाजवणार आणि मामाने सांगायचं, कोणत्या करवतीला काय झालंय. सगळी उत्तरं बरोबर आली तर करवत मामाची, मरेपर्यंत, सिबाई पुन्हा तोंड उघडणार नाही. एक जरी चुकलं तर मामाने स्वतः बाजूला व्हायचं. तोवर करवत बंद, लाकूड बाहेरून कापून आणायचं.

रसलानने हात पुढे केला. सिबाईने हातावर हात मारला. मी साक्षीदार. मला कुणी बोलावलं नव्हतं.

विसाम घरी बसून फर्निचरवाल्यांना नक्षीचे नमुने काढून देते. तिचा मोठा कॉम्प्युटर टेबलावर, दोन बाजूंना मुठीएवढे दोन स्पीकर. सिबाईने आणलेला पहिला आवाज तिने नुसता चालतोय का बघायला लावला. रसलानने मान तिरकी केली, जवळ गेला, लांब गेला.

"हे काय आहे?"

"करवत आहे, बाबा."

"ही करवत नाही. हा डबीत कोंडलेला डास आहे. हिचं पोट कुठे गेलं?"

विसामने समजावलं की एवढ्याशा स्पीकरातून खालचा घुमारा निघतच नाही, त्याला वूफर लागतो. रसलानचे डोळे चमकले. म्हणजे उद्या उत्तर चुकलं तर ते कानामुळे की डबीमुळे, हे कुणाला कळणार? वूफर पाहिजेच.

"विकत आणूया," विसाम म्हणाली.

त्यावर बापाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने बदकाचं कालवण हॉटेलातून मागवायला सांगितलं. दुम्यातचा माणूस लाकडाची पेटी विकत घेणार? दुकानातून? पिशवीत घालून या गल्लीतून घेऊन येणार? मी समोर बसलेला असताना? मी नंतर विसामला म्हटलंसुद्धा, "मुली, त्याने तसं केलं असतं तर मला दुकान बंद करून नुसतं तेच सांगत फिरावं लागलं असतं."

आता खरं सांगायचं तर, यातलं वूफरचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पैजेचं माहीत होतं. मला एवढंच दिसत होतं की रसलान बंद करवतीच्या मागे पाठ करून काहीतरी करतोय आणि मी गेलो की त्यावर गोणपाट टाकतोय. माझ्यापासून! तीस वर्षांच्या शेजाऱ्यापासून!

पहिल्या दिवशी मला चार बाजू दिसल्या. चारही बाहेरच्या अंगाला किंचित फुगलेल्या, कारण सरळ फळी त्याच्या हातून निघणारच नाही. दुसऱ्या दिवशी इन्शिराह खाली आली आणि त्या पेटीत दुधाच्या मापाने मसूर ओतू लागली. मी कापड चढवता चढवता थांबलो.

"विसामची आई, काय पेरताय?"

"तुमच्या तोंडाला कुलूप पिकतंय का बघतेय."

नंतर कळलं, कॉम्प्युटरवरून पेटीच्या पोटात किती लिटर हवा मावली पाहिजे ते विसामने काढलं होतं, बारा. आणि फुगीर पेटीचं माप पट्टीने निघेना, म्हणून मसूर. इन्शिराहची अट वेगळीच होती. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा आणि तिचं तुपाचं पिंप यांच्यामध्ये जेवढी जागा आहे, त्याहून बोटभरही मोठं काही घरात येणार नाही. पिंप हलणार नाही. ते तिच्या सासूच्या वेळेपासून तिथे आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने पेटीला चार पाय लावले. वीतभर उंचीचे, सुरेख वळणाचे. त्यालाही कारण होतं. स्पीकर तळाला, तोंड जमिनीकडे करून बसवायचा, म्हणजे टेबलाखाली कुणाची लाथ लागणार नाही. त्यासाठी पेटी जमिनीपासून थोडी वर हवी. पण मी बघितलं ते एवढंच, की एक छोटी, गुबगुबीत बाजूंची, नाजूक पायांची पेटी, बाप स्वतःच्या हाताने आणि लपवून करतोय.

आमच्याकडे बाप मुलीच्या लग्नाचं फर्निचर स्वतःच्या हाताने करायला घेतो तेव्हाच लपवतो. मी दोन आणि दोन मिळवले आणि सात झाले. पुफ आहे! आरशापुढे बसायचा मुढा! विसामचं ठरलं!

मी फक्त झहरानला सांगितलं. आणि सामान वाहणाऱ्या उकाशाला, कारण तो समोरून चालला होता. आणि चहावाल्याला, पण तो आधीच ऐकून आला होता. दुपारपर्यंत चार बायका रसलानच्या जिन्यात, लग्नघरी देतात तशा जिभेने हुलहुल्या देत पोचल्या. इन्शिराह हातात झारा घेऊन दारात.

"कुणाचं लग्न?"

"विसामचं!"

"मुलगा कोण?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी खिडकीतून माझ्या दुकानाकडे. मी टेबलाखाली पडलेला खिळा शोधत होतो. बराच वेळ सापडला नाही.

इकडे वूफर पहिल्यांदा वाजला आणि रसलान हिरमुसला. स्पीकर त्याने भंगारबाजारातून आणला होता, जुन्या टॅक्सीच्या मागच्या काचेखालचा. अॅम्प्लिफायरची तळहाताएवढी पाटी विसामने मागवून जोडली. पेटीच्या मागच्या बाजूला हवा बाहेर यायला गोल भोक, त्यात नळाचा तुकडा. लावलं. टेबल हाललं, तुपाच्या पिंपाचं झाकण नाचलं, आणि पेटीत राहिलेला मसुराचा एक दाणा खुळखुळला. दाणा काढला तरी मुख्य दुखणं गेलं नाही. करवत लावली, भुम्म. गाणं लावलं, भुम्म. विसामच्या आत्याचा फोनवरचा निरोप लावला, आत्यासुद्धा भुम्म.

"आवाज मोठा आहे," विसाम म्हणाली, "पण एकच आहे."

"तुझी आत्या तशीच आहे. पण करवती चार आहेत. मी त्या ओळखू कशा?"

शुक्रवारी परीक्षा होती. हा सोमवार. रसलानने स्पीकर सोडवला, नळाचा तुकडा उपटून काढला, एक पाय हलत होता त्याला सरस लावला आणि पेटी सुकायला उंबऱ्याबाहेर ठेवून तो जेवायला वर गेला.

उंबऱ्याबाहेर! आता दुम्यातमध्ये उंबऱ्याबाहेर ठेवलेली कोरी वस्तू म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. पुढच्या कारागिराकडे न्यायची. उकाशा आपली तीनचाकी घेऊन दिवसभर हेच करतो. विचारत बसला तर दिवसाला दोन खुर्च्यासुद्धा पोचणार नाहीत. त्याने ती उचलली आणि झहरानकडे टाकली. झहरानला मागच्या बाजूला भोक दिसलं. झहरान आयुष्यभर भोकं बुजवत आलाय. गाठ निसटली असेल म्हणून त्याने त्यात गोल खुंटी ठोकली, वर पुट्टी भरली, घासलं, अक्रोडी रंग दिला, आणि "रसलान म्हातारा झाला, लाकूड बघून घेत नाही," असं म्हणत दुसऱ्या दिवशी उकाशाकडून माझ्याकडे पाठवली.

मी तिला बघून विरघळलो. विसामचा पुफ! बायका जिन्यातून परत गेल्या तरी माझा लग्नावरचा विश्वास ढळला नव्हता. ती रांगत होती तेव्हा माझ्या दुकानातले खिळे तोंडात घालायची. मी ठरवलं, हे काम माझ्याकडून भेट. द्राक्षी रंगाची मखमल काढली, जी मी एका मंत्र्याच्या दिवाणखान्यासाठी ठेवली होती. वरच्या बाजूला जाड गादी बसवली. मग पेटी उलटी केली तर तळाला हे एवढं गोल भोक. माझ्या मनात आलं, शाबास रसलान, भरण आत घालायला जागासुद्धा ठेवलीस. मी कापूस पिंजून पिंजून तिच्या पोटात भरला. दाबून नाही, हलका, चारी बाजूंनी सारखा. मला माझं काम येतं.

रसलान बुधवारी सकाळी आला. दोन दिवस त्याने पेटी सगळीकडे शोधली होती, माझ्याकडे सोडून, कारण त्याला वाटलं मला कळलं तर गल्लीला कळेल. मी पुफवर बसून कॉफी पीत होतो.

तो दारात उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं.

"ऊठ."

"अरे, ये ना. कसा झालाय सांग. मखमल बघ."

"बय्यूमी. तू माझ्या वूफरवर बसलायस."

मला त्याने सगळं सांगितलं तेव्हा मी कॉफीचा पेला खाली ठेवून उठलो. रसलान ओरडला नाही. तो खाली बसला, आणि सवयीने त्याने पेटीच्या बाजूवर पेर ठोकलं. थांबला. पुन्हा ठोकलं. मग कान लावून तिसऱ्यांदा.

"हिचा आवाज बदललाय."

"कापूस काढून देतो. आत्ता. मखमलही काढतो."

"हात लावू नकोस." तो अजून ठोकतच होता. "आधी एकदा ठोकलं की हा लाकडाचा डबा दहादा ओरडायचा. आता गप्प आहे. विचारल्याएवढंच बोलतोय. आत काय घातलंस?"

"उशीत घालतो ते."

"आणि मागचं भोक?"

"झहरानने बुजवलं. तुला नावं ठेवत."

मला वाटलं होतं माझी खरडपट्टी निघणार. त्याऐवजी त्याने पेटी कडेवर घेतली, मूल घेतात तशी, आणि म्हणाला, "चल."

मी तीस वर्षांत पहिल्यांदा बोलावणं येऊन त्याच्या घरी गेलो.

स्पीकर पुन्हा तळाला बसवला, कापूस थोडा बाजूला सारून. विसामने करवत लावली. मला सांगता येणार नाही, पण खोलीत खरोखर एक करवत येऊन उभी राहिली. भुम्म नाही. खाली एक जाड घरघर, तिच्यात मध्येच एक लडबड, तिच्यावर लाकडाचा श्वास. विसामने गाणं लावलं, ते वेगळं. आत्या लावली, आत्या आत्याच होती.

विसाम कॉम्प्युटरवर वाचून सांगू लागली की भोक बंद झाल्यामुळे पेटी एकाच सुरावर घुमायची थांबली, आणि कापसामुळे आतल्या हवेचा जोर मऊ झाला, त्यामुळे लहान पेटी स्पीकरला मोठी वाटते. "बारा लिटरची जागा पंधरा-सोळासारखी वागते, काका."

"म्हणजे वूफर मी दुरुस्त केला," मी म्हणालो.

"तुम्ही त्यावर बसला होतात," इन्शिराह म्हणाली. पण तिने मला चहा दिला.

रसलान जमिनीवर मांडी घालून बसला होता, तळवा मखमलीवर. तो तसाच दुपारपर्यंत बसला. सिबाईचे आवाज शुक्रवारपर्यंत ऐकायचे नव्हते, तो एक लावून बघितलेला सोडून, म्हणून त्याने दुसरं सगळं ऐकलं. नदीवरच्या बोटीचं इंजिन, गिरणी, बर्फाचा कारखाना, उंटाचं गुरगुरणं. विसाम शोधून देत होती आणि तो मान डोलवत होता. "हे तर मी विसरलोच होतो," असं एकदा म्हणाला. काय विसरला होता ते नाही सांगितलं.

शुक्रवारी नमाजानंतर मशीनं बंद असतात, गल्ली रिकामी असते, तेव्हा परीक्षा ठेवली. सिबाई आला, फोन विसामच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. झहरान आला, कारण खुंटी त्याची होती. मी होतोच. इन्शिराहने कांदा भरलेली बदकं चुलीवर ठेवली होती आणि म्हणत होती की निकाल काय लागायचा तो लागू दे, जेवण वेळेवर होईल.

पहिला आवाज.

रसलानने डोळे मिटले. तळवा मखमलीवर टेकवला. "वरच्या चाकाचं बेअरिंग. एक गोळी फुटलीय. आणि याला ग्रीस कुणी दिलंय? चांगलं दिलंय, पण उशिरा."

सिबाईने खिशातल्या चिठ्ठीकडे बघितलं. "बरोबर."

दुसरा.

"मशीन ठणठणीत आहे. लाकूड ओलं आहे. बीचच आहे, पण ओलं. याला सांगा, महिनाभर थांब, नाहीतर पाय वाकतील."

सिबाईची भुवई वर गेली. "हे मला कारखानेवाल्यानेसुद्धा सांगितलं नव्हतं." त्याने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून शिव्या ऐकू आल्या, त्यानंतर कबुली. फळ्या तीन दिवसांपूर्वी ट्रकमधून उतरल्या होत्या.

झहरानने माझ्या मांडीवर थाप मारली. तिसरा आवाज लागला तेव्हा रसलान तर हसायलाच लागला. "खालच्या चाकाचं रबर झिजलंय. आणि हे मशीन जमिनीला तीनच बोल्टांवर आहे. चौथा पाय नाचतोय. ऐका, ऐका, हा बघा, नाचला!" आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. सिबाईने चिठ्ठी घडी करून ठेवून दिली.

"तुम्ही गारुडी आहात, मामा."

"मी पाय करतो. लाव चौथा."

विसामने सिबाईकडे बघितलं. सिबाई म्हणाला, "लाव."

घरघर सुरू झाली. छान, भरीव, एकसारखी. आणि तिच्यावर, दोन बाजूंच्या त्या मुठीएवढ्या स्पीकरांतून, टिक्. टिक्. टिक्.

झहरानने मान खाली घातली. मी खिडकीकडे बघितलं. स्वयंपाकघरातून इन्शिराह झारा घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

रसलानचा चेहरा शांत होता. तळवा मखमलीवर, मान तिरकी.

"ही सगळ्यांत चांगली," तो म्हणाला. "हिला काही झालेलं नाही. खालचं बेअरिंग थोडं कुरकुरतंय, दोनेक महिन्यांत बदला. पण बाकी मशीन म्हणजे मशीन आहे. कुणाची आहे?"

सिबाई स्वतःच्या पायाकडे बघू लागला.

"अरे, कुणाची?"

"आपली, मामा," सिबाई म्हणाला. "त्या मंगळवारची. कारखान्यातल्या कॅमेऱ्यात आवाज आला होता."

आवाज चालूच होता. रसलानने सिबाईकडे बघितलं, मग विसामकडे. तिचे डोळे भरले होते. तिने बंद करायला हात पुढे केला. त्याने तिला थांबवलं.

"बय्यूमी."

"बोल."

"तू आयुष्यात कधी सरळ बोलला नाहीस. आज एकदा बोल. टिक् आहे?"

मी टेबलाच्या कडेवर नखाने ठोकायला लागलो. दर टिक्ला एक. टिक्, टिक्, टिक्. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. खूप वेळ, निदान मला खूप वाटला. मग त्याने आपलं बोट माझ्या शेजारी ठेवलं आणि माझं बघून बघून ठोकायला लागला. मी एकदा मुद्दाम थांबलो. त्याचं बोटही थांबलं. करवतीची टिक्टिक् थांबली नव्हती.

मग आवाजातला पट्टा तुटला. तो त्याला नीट ऐकू आला, दचकला. सिबाईचं ओरडणं आलं आणि संपलं.

"मोठा बंद कर," रसलान विसामला म्हणाला. "ते दोन बारकेच लाव. शेवटचा भाग."

तिने वूफर बंद केला. खोलीत नुसती डासाची भुणभुण आणि टिक् टिक् राहिली. त्याने एका स्पीकरला कान चिकटवला, मग दुसऱ्याला.

"म्हणजे डबीचा दोष नव्हता," तो म्हणाला.

"मामा, तीन बरोबर आले. ओलं लाकूडसुद्धा. मी काही..."

"एक जरी चुकलं तर, असं ठरलं होतं. मी हात मारला होता." तो उठला. पाय आखडले होते, मी हात दिला. "बेअरिंग मात्र बदल. रमजानच्या आधी."

"गेल्या वर्षीच घातलंय, मामा."

"बदल म्हणतो ना."

"बदकं!" इन्शिराह ओरडली आणि सगळे जेवायला बसलो. जेवताना रसलानने दोनदा वाढून घेतलं. झहरान म्हणाला की कापूस भरलेल्या पेटीपेक्षा कांदा भरलेलं बदक बरं. कुणी तरी हसायला हवं होतं म्हणून मीच हसलो.

शनिवारी सकाळी समोर करवत सुरू झाली. सिबाई उभा होता तिथे. मी गादीच्या शिवणीवर वाकलो होतो, इतक्यात रसलान माझ्या दुकानात आला, कॉफीचा पेला हातात घेऊन. त्या वेळेला तो माझ्याकडे कधी येत नाही. त्या वेळेला त्याचे हात लाकडावर असतात. बसला. पेला संपला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, काढले, खुर्चीवर पेर ठोकलं.

मी कापसाचा गठ्ठा त्याच्या पुढ्यात सरकवला. "पिंज. फुकट बसायला हे काय सासर आहे?"

तो पिंजायला लागला. जाड बोटं, पण नाजूक काम करतात ती. थोडा वेळ गेला. बाहेर करवत चालली होती; मला तर रोजचीच वाटत होती.

रसलानचे हात थांबले.

"घाई करतोय," तो म्हणाला.

"कोण?"

"सिबाई. वळणावर ढकलतोय. पट्टा ओढला जातोय."

"मग सांग जाऊन."

"मी बाजूला झालोय."

पुन्हा पिंजायला लागला. एक मूठ, दोन मुठी. तिसरी मूठ हातातच राहिली. मग त्याने ती माझ्या अंगावर फेकली, उठला आणि गल्ली ओलांडून गेला. मी दारात जाऊन बघितलं. मी नाही बघणार तर कोण? तो आत गेला नाही. उंबऱ्याबाहेरच थांबला, एक तळवा दाराच्या चौकटीवर टेकवून, आणि नुसता हात वर करून खाली आणला. हळू.

सिबाईने वर बघितलं. फळी मागे घेतली, आणि हळू ढकलली. घरघर जरा खाली उतरली, हे मलाही कळलं.

रसलान परत आला, बसला, आणि अंगावरचा कापूस झटकायचं सोडून मला म्हणाला, "तुझ्या गठ्ठ्यात काड्या फार आहेत."